जागांचा हिशेब आहे, प्रशिक्षणाचा कोठे?

वैद्यकीय शिक्षणाविषयी संसदेत प्रश्न विचारला गेला की त्याचे उत्तर बहुधा तक्त्याच्या रूपाने सभागृहाच्या पटलावर येते. राज्याचे नाव, महाविद्यालयांची संख्या, एमबीबीएसच्या जागा आणि पदव्युत्तर जागा असे त्याचे रकाने ठरलेले असतात. २०१४ पूर्वी देशात ३१,१८५ पदव्युत्तर जागा होत्या आणि २०२४ अखेर त्या ७३ हजारांच्या पुढे गेल्या, ही आकडेवारी सरकारने याच मार्गाने देशासमोर ठेवली. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत वैद्यकीय शिक्षणाच्या ७५ हजार जागा वाढविण्याचा संकल्प जाहीर झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ५,००० नव्या पदव्युत्तर जागांच्या योजनेला मंजुरी दिली. सत्ताधारी या आकड्यांचे श्रेय घेतात. विरोधी सदस्य आपापल्या राज्याच्या वाट्याला किती आले ते विचारतात. या जागेवर प्रवेश घेणारा डॉक्टर तीन वर्षांत कोणते काम किती वेळा स्वतःच्या हाताने करून बाहेर पडतो, यासाठी मात्र त्या तक्त्यात रकाना नाही.

हा रकाना नसल्याची किंमत कोण मोजतो हे पाहायचे असेल, तर अस्थिरोग शल्यचिकित्सेचे, म्हणजेच एमएस ऑर्थोपेडिक्सचे उदाहरण घ्यावे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ जणांनी प्राण गमावले. जे वाचले त्यांच्यापैकी असंख्यांची मोडलेली हाडे कोणा ना कोणा निवासी डॉक्टरच्या हातांखालून गेली. दुसरीकडे आयुर्मान वाढते आहे, गुडघे झिजत आहेत आणि २०१७ मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर केंद्राने मर्यादा घातल्यापासून सांधेरोपण मध्यमवर्गाच्या आवाक्यात अधिक आले आहे. म्हणजे या शाखेचा डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणीही लागणार आणि महानगरातही. एमबीबीएसनंतर ही शाखा घेऊ पाहणाऱ्यांची रांग त्यामुळे मोठी आहे. पण त्या रांगेतील विद्यार्थ्याने कोणत्या संस्थेतील जागा चांगली आणि कोणती केवळ नावाची हे ओळखावे कसे, याचे उत्तर व्यवस्थेने त्याच्या हाती दिलेले नाही.

क्रमांकामागे क्रमांक

सध्याची रीत अशी आहे. देशभरातील बहुतेक जागांसाठी ‘नीट-पीजी’ ही एकच परीक्षा होते. एम्स, चंडीगडची पीजीआय, पुदुच्चेरीची जिपमर अशा राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांसाठी वर्षातून दोनदा स्वतंत्र सामायिक परीक्षा असते. शासकीय महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि निम्म्या राज्यांमार्फत भरल्या जातात. निकालानंतर विद्यार्थ्याला आपली पसंतीची यादी संगणकावर भरावी लागते. शेकडो महाविद्यालयांची नावे समोर असतात आणि हाती वेळ थोडा. अशा वेळी तो स्वाभाविकपणे गेल्या वर्षीचे शेवटचे क्रमांक पाहतो. ज्या संस्थेची जागा वरच्या क्रमांकावर संपली ती उत्तम, असे गृहीत धरून यादी तयार होते. पण गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यानेही त्याच्या आधीच्या वर्षाचेच क्रमांक पाहिलेले असतात. लौकिक अशा रीतीने स्वतःलाच पोसत राहतो. एखाद्या विभागातील नामवंत प्राध्यापक निवृत्त झाले, शल्यक्रियागृह दुरुस्तीसाठी सहा महिने बंद राहिले किंवा एखाद्या दूरच्या जिल्ह्यातील महाविद्यालयात तरुण आणि उत्साही शिक्षकांचा संच जमला, तरी त्याचे प्रतिबिंब क्रमांकांत उमटायला वर्षे जातात.

शासनाची अधिकृत क्रमवारीही येथे फारशी उपयोगी पडत नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या राष्ट्रीय क्रमवारीत वैद्यकीय संस्थांचा स्वतंत्र गट २०१८ पासून आहे. दिल्लीच्या एम्सचे त्यातील अग्रस्थान कोणाला आश्चर्यकारक वाटत नाही. मात्र ही क्रमवारी संस्थेची आहे. विद्यार्थी मात्र विभागात शिकणार असतो. एखाद्या संस्थेचा हृदयरोग विभाग नावाजलेला असेल आणि अस्थिरोग विभागात अध्यापकांची पदे रिक्त असतील, तर संस्थेच्या क्रमांकाचा अस्थिरोगाच्या विद्यार्थ्याला उपयोग तो काय?

खरे निकष कोणते?

अस्थिरोग शल्यचिकित्सा ही हाताने शिकायची विद्या आहे. मांडीचे हाड सळई घालून कसे बसवावे हे पुस्तकात वाचता येते, पण हात बसतो तो करूनच. त्यामुळे पहिला प्रश्न शल्यक्रियांच्या संख्येचा नसून त्या कोणाच्या हातून होतात हा असतो. वर्षाला हजारो शल्यक्रिया होणाऱ्या रुग्णालयातही निवासी डॉक्टर तीन वर्षे हुक धरून उभा राहत असेल, तर त्या हजारांना अर्थ नाही. पाहिली, साहाय्य केले, वरिष्ठाच्या देखरेखीखाली केली आणि स्वतंत्रपणे केली, असे चार टप्पे असतात. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी कोणत्या टप्प्यावर आणि तिसऱ्या वर्षाचा कोणत्या, यावरून विभागाची परीक्षा होते.

दुसरा निकष रुग्णांच्या मिश्रणाचा. महानगरातील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत अपघाताचे रुग्ण अखंड येत असतात. महामार्ग आणि रेल्वेमार्गांच्या सान्निध्यामुळे मुंबईचे सायन रुग्णालय अपघातोपचारासाठी ओळखले जाते. दिल्लीत २००६ मध्ये सुरू झालेले एम्सचे ट्रॉमा सेंटर हे त्याच कार्याला वाहिलेले आहे. अशा ठिकाणी मोडलेल्या हाडांचे शिक्षण उत्तम होते. पण सांधेरोपण, दुर्बिणीतून होणाऱ्या सांध्यांच्या शल्यक्रिया, मणक्याचे विकार, लहान मुलांच्या अस्थिव्यंगांवरील उपचार यांचा अनुभव तेवढाच मिळेल असे नाही. याउलट पुण्याचे संचेती किंवा कोइमतूरचे गंगा यांसारख्या अस्थिरोगासाठी नावाजलेल्या खासगी रुग्णालयांत नियोजित शल्यक्रियांची परंपरा मोठी आहे. खासगी क्षेत्रात प्रशिक्षण घेताना एक प्रश्न मात्र सर्वत्र विचारावा लागतो. रुग्ण विशिष्ट तज्ज्ञाचे नाव ऐकून, पैसे मोजून आलेला असतो. तेव्हा सुरी शिकाऊ हातात किती वेळा दिली जाते? राष्ट्रीय परीक्षा मंडळाची ‘डीएनबी’ आणि विद्यापीठाची ‘एमएस’ या पदव्या कायद्याने समकक्ष असल्या, तरी या प्रश्नाचे उत्तर पदवीवर नव्हे, त्या त्या रुग्णालयाच्या शिस्तीवर अवलंबून असते.

तिसरा निकष वाट्याचा. युनिटे किती, प्रत्येक युनिटात अध्यापक किती, निवासी किती आणि त्यांच्या वर वरिष्ठ निवासी व फेलो किती, हे विचारायला हवे. ज्या विभागात सांधेरोपणाचे विशेष प्रशिक्षण घेणारे अनेक फेलो आहेत, तेथे एमएसच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला सांधे कमी आणि प्लास्टर अधिक येते. विभागाचा लौकिक आणि विद्यार्थ्याचा लाभ या दोन गोष्टी येथे एकमेकींच्या विरुद्ध दिशांना जाऊ शकतात.

चौथा निकष दिसायला किरकोळ, पण परिणामाने मोठा. शल्यक्रियेत लागणाऱ्या पट्ट्या, सळया, खिळे रुग्णालय पुरवते की नातेवाइकांना बाहेरून आणावे लागतात? बाहेरून आणायचे असतील तर रुग्ण दिवसेंदिवस खाटेवर ताटकळतो, शल्यक्रिया लांबते आणि शिकणाऱ्याचा हातही रिकामा राहतो. क्ष-किरणांचे सी-आर्म यंत्र चालू आहे काय आणि शिशाचे एप्रन शल्यक्रियागृहातील सर्वांना पुरतील इतके आहेत काय, हेही त्याच यादीत येते. जन्मभर या किरणांच्या सान्निध्यात काम करणाऱ्या शाखेत हा चोखंदळपणा ठरत नाही.

कायदा आहे, माहितीही आहे

हे सारे निकष अनुभवी डॉक्टरांना तोंडपाठ असतात. विद्यार्थ्याला मात्र ते ओळखीपाळखीतून, दूरध्वनीवरून, एखाद्या वरिष्ठाच्या कृपेने कळतात. ज्याच्या घरात डॉक्टर आहे त्याला बातमी मिळते. नांदेड किंवा गोंदियाहून पहिल्यांदाच दिल्लीला येणाऱ्या मुलाला मिळत नाही. प्रवेश परीक्षेने गुणवत्तेची समान संधी दिली असे म्हटले, तरी माहितीची विषमता परीक्षेनंतर पुन्हा आपला वाटा वसूल करते.

वस्तुतः ही माहिती शासनापाशी नाही असे नव्हे. राष्ट्रीय वैद्यक आयोग कायदा २०१९ मध्ये संसदेने संमत केला. भ्रष्टाचाराच्या आरोपांनी ग्रासलेल्या भारतीय वैद्यक परिषदेची जागा सप्टेंबर २०२० मध्ये आयोगाने घेतली. या कायद्याच्या कलम २६ नुसार मूल्यांकन व प्रतवारी मंडळाने सर्व वैद्यकीय संस्थांची प्रतवारी करावी आणि ती ठरावीक काळाने जनतेसाठी खुली करावी, असे अपेक्षित आहे. त्या दिशेने २०२३ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेशी करारही झाला. परंतु कायद्याने मोजमापाचे एकक म्हणून संस्था धरली आहे, विभाग नव्हे. आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याचा निर्णय विभागापाशी येऊन थांबतो.

डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण नियमावलीने तर एक पाऊल पुढे टाकले. प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने आपल्या कामाची इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवावी आणि ती दर आठवड्याला अद्ययावत करावी, असे तीत म्हटले आहे. कोणती शल्यक्रिया कोणत्या टप्प्यावर केली याची नोंद याच वहीत व्हायची असते. या वह्यांतील नावे वगळून केवळ विभागवार बेरजा प्रसिद्ध केल्या, तरी अमुक महाविद्यालयात तिसऱ्या वर्षअखेर विद्यार्थ्याने सरासरी किती शल्यक्रिया स्वतः केल्या हे देशाला कळू शकते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठा खर्च लागत नाही. लागते ती इच्छा.

ती इच्छा कमी का पडते, याचे उत्तर तपासणीच्या इतिहासात सापडते. आरोग्यविषयक संसदीय स्थायी समितीने मार्च २०१६ मध्ये सादर केलेल्या ९२ व्या अहवालात वैद्यक परिषदेच्या कारभारावर कठोर ताशेरे ओढले होते. तपासणीचा सारा भर इमारती, खाटा आणि शिक्षकांच्या मोजदादीवर असून शिक्षणाच्या दर्जाकडे दुर्लक्ष होते, हा त्यातील एक मुख्य आक्षेप होता. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने या अहवालाची दखल घेऊन माजी सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमली. पुढे परिषद गेली, आयोग आला, आधार-संलग्न हजेरी आली. तरीही २०२५ च्या मध्यावर केंद्रीय अन्वेषण विभागाला महाविद्यालयांच्या तपासणीतील लाचखोरीच्या आरोपांवरून गुन्हा नोंदवावा लागला आणि त्यात मंत्रालयातील कर्मचाऱ्यांपासून तपासनिसांपर्यंत अनेकांची नावे आली. त्या आरोपांचा निवाडा न्यायालय करील. पण जी तपासणी बंद दाराआड होते आणि जिचा निष्कर्ष केवळ ‘मान्यता आहे’ किंवा ‘नाही’ एवढाच असतो, तिच्यावर विद्यार्थ्याने आयुष्याची तीन वर्षे कशी सोपवावीत, हा प्रश्न त्या निवाड्याची वाट पाहत नाही.

दरम्यान जागा वाढविण्यासाठी नियम सैल होत आहेत. २०२५ च्या अध्यापक अर्हता नियमांनुसार दोन अध्यापक आणि दोन जागा यांवर पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करता येतो. २२० हून अधिक खाटांच्या शासकीय रुग्णालयांना अध्यापन संस्थेचा दर्जा मिळू शकतो आणि तेथील दहा वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाला सहयोगी प्राध्यापक नेमता येते. यामागचा विचार सर्वस्वी चुकीचा नाही. जिल्हा रुग्णालयातील अनुभवी अस्थिरोगतज्ज्ञ वर्षानुवर्षे जे काम करीत आला आहे, त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ असते. प्रवेशाच्या किमान पात्रतेचीही तीच कथा आहे. २०२३ मध्ये ती शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली आणि २०२५ च्या परीक्षेसाठी जानेवारी २०२६ मध्ये सर्वसाधारण गटाला सात, तर राखीव गटांना शून्य पर्सेंटाइल अशी ती पुन्हा उतरवावी लागली. अस्थिरोगाच्या शासकीय जागांना याची झळ थोडी लागते, कारण त्या लवकर भरतात. रिकाम्या राहतात त्या मुख्यत्वे चिकित्सेतर विषयांच्या आणि अवाढव्य शुल्काच्या जागा. पण ज्या व्यवस्थेत हजारो जागा रिकाम्या राहतात, तिने निव्वळ संख्येला यश मानणे थांबवायला हवे, एवढे तरी यातून निष्पन्न होते.

तासांचा प्रश्न

प्रशिक्षणाच्या दर्जाइतकाच जगण्याचा दर्जाही निवडीत मोजावा लागतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या १९९२ च्या निवासी योजनेनुसार कनिष्ठ निवासी डॉक्टरने साधारणतः आठवड्याला ४८ तास काम करावे आणि सलग सेवा एरवी १२ तासांहून अधिक नसावी. तीन दशके लोटली तरी हे तास कागदावरच राहिले आहेत. २०२३ च्या नियमावलीने आकडा न देता ‘वाजवी’ कामाचे तास, पुरेशी विश्रांती, साप्ताहिक सुटी आणि वर्षाला किमान २० दिवसांची पगारी रजा अशी भाषा वापरली. आयोगाच्याच राष्ट्रीय कृतिगटाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी २०२४ मध्ये सादर केलेल्या अहवालासाठी ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांची मते नोंदविली. त्यांतील सुमारे ३१ टक्के विद्यार्थ्यांच्या मनात आत्महत्येचे विचार आले होते. सुमारे ४५ टक्के आठवड्याला ६० तासांहून अधिक काम करीत होते आणि निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांना साप्ताहिक सुटी मिळत नव्हती. हे आकडे देशाचे आहेत. कोणत्या विभागात परिस्थिती बरी आणि कोणत्या असह्य, हे त्यांतून कळत नाही. नेमके तेच विद्यार्थ्याला कळायला हवे.

अस्थिरोगात पहिले वर्ष कठीण असते, हे सगळे जाणतात. रात्रभर अपघात विभागात हाडे बसवायची, सकाळी वरिष्ठांसोबत फेरी, मग बाह्यरुग्ण विभाग, संध्याकाळी ड्रेसिंग. कष्ट या शाखेच्या अंगभूत आहेत. पण कष्ट आणि छळ यांतील सीमारेषा पुष्कळ विभागांत पुसट झाली आहे आणि ‘आम्हीही असेच शिकलो’ हे वाक्य त्यावरचे पांघरूण ठरते. अस्थिरोगात महिला निवासी अजूनही अल्पसंख्य आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात जे घडले, त्यानंतर रात्रपाळीची खोली, तिचे कुलूप आणि तेथवरच्या मार्गिकेतील दिवा या गोष्टीही महिला उमेदवाराला महाविद्यालयाच्या मूल्यमापनात धराव्या लागत आहेत, हे व्यवस्थेला भूषणावह नाही.

राज्य, संस्था आणि बंधपत्र

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी मुलांसाठी या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. केंद्रीय सेवेतील अधिकाऱ्याचे मूल दिल्लीत शिकते, भोपाळमध्ये एमबीबीएस करते आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्या-मुंबईकडे पाहते, हे चित्र नवे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी तन्वी बहल प्रकरणात निकाल देताना पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांत निवासावर आधारलेले आरक्षण घटनाबाह्य ठरविले. मर्यादित प्रमाणात संस्थात्मक प्राधान्य मात्र ग्राह्य मानले. याचा व्यावहारिक अर्थ असा की अधिवास दाखल्याचे वजन घटले आणि एमबीबीएस कोठून केले याचे वाढले. दिल्लीत हे पूर्वीपासूनच आहे. मौलाना आझाद, लेडी हार्डिंग आणि यूसीएमएस येथील निम्म्या पदव्युत्तर जागांसाठी दिल्ली विद्यापीठाचे एमबीबीएसधारक पात्र ठरतात, तर सफदरजंगच्या महाविद्यालयाचा कोटा इंद्रप्रस्थ विद्यापीठाशी जोडलेला आहे. म्हणजे अस्थिरोगाच्या जागेचा निर्णय काही अंशी बारावीनंतरच्या एमबीबीएस प्रवेशाच्या वेळीच होऊन गेलेला असतो. पालकांच्या हे फार उशिरा ध्यानात येते.

बंधपत्रांचेही असेच आहे. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत शासकीय जागेवर शिकलेल्या डॉक्टरला सक्तीची सेवा द्यावी लागते आणि ती टाळल्यास लाखो रुपये भरावे लागतात. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी बंधपत्रे वैध ठरविली, आणि सार्वजनिक पैशाने शिकलेल्याने सार्वजनिक सेवा द्यावी या तत्त्वाला विरोध करणे कठीण आहे. तथापि प्रत्येक राज्याची मुदत निराळी, दंड निराळा आणि विद्यावेतनही निराळे. त्याहून जाचक आहे ते जागा सोडण्याचे बंधपत्र. छळाने खचलेल्या विद्यार्थ्यालाही मोठी रक्कम भरल्याखेरीज बाहेर पडता येत नाही. राज्यांनी ही अट काढून टाकावी, असे वैद्यक आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये सुचविले. सूचना आणि आदेश यांतले अंतर आरोग्य हा राज्यांचा विषय असलेल्या देशात सर्वांना ठाऊक आहे.

इतर देशांत काय होते?

अमेरिकेत अस्थिरोगाचे निवासी प्रशिक्षण पाच वर्षांचे असते. विद्यार्थी तेथील शेवटच्या वर्षात दुसऱ्या रुग्णालयांत काही आठवडे काम करून विभाग आतून पाहतो, मुलाखती देतो आणि मग आपली पसंती कळवतो. विभागही आपली यादी देतात आणि १९५२ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय जुळणी पद्धतीने दोन्ही याद्यांचा मेळ घातला जातो. कामाची मर्यादा २००३ पासून आठवड्याला सरासरी ८० तास आहे आणि ठरावीक शल्यक्रियांची किमान संख्या पूर्ण करावी लागते. ब्रिटनमध्ये तेथील वैद्यक परिषद दरवर्षी सर्व प्रशिक्षणार्थींची पाहणी करते आणि रुग्णालय व विषयवार निष्कर्ष सर्वांसाठी खुले करते. देखरेख कशी होती, कामाचा भार किती होता, शिकायला मिळाले काय, हे कोणालाही पाहता येते. अमेरिकी पद्धत भारतात जशीच्या तशी आणता येणार नाही. लाखाहून अधिक उमेदवारांच्या मुलाखती हा वशिल्याला राजमार्ग ठरेल. परीक्षेच्या क्रमांकावर प्रवेश ही आपल्याकडील न्याय्य तडजोड आहे. ब्रिटिश पाहणीला मात्र अशी कोणतीच अडचण नाही.

आक्षेप असा घेतला जाईल की आकडे प्रसिद्ध करण्याची सक्ती झाली तर आकडे रचले जातील. बनावट रुग्ण आणि भाडोत्री शिक्षक दाखविणाऱ्या संस्था नोंदवहीही फुगवतील. हा धोका खरा आहे. पण प्रसिद्ध झालेला खोटा आकडा तेथेच शिकणारा विद्यार्थी ओळखतो. फायलीत बंद असलेला आकडा कोणीच ओळखत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गडचिरोली किंवा नंदुरबारसारख्या ठिकाणच्या नव्या महाविद्यालयांवर दुय्यमपणाचा शिक्का बसेल आणि तेथे कोणी जाणार नाही. वस्तुस्थिती अशी की तो शिक्का आजही बसलेलाच आहे, आणि तोही ऐकीव माहितीवर. उलट, एखाद्या लहान महाविद्यालयात विद्यार्थ्याला स्वतः करायला अधिक मिळते हे आकड्यांनी दिसले, तर तेच त्याच्या बाजूचे सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र ठरेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयांत पाठविण्याची योजना याच विश्वासावर उभी आहे.

तोपर्यंत उमेदवाराने जुन्याच मार्गाने चौकशी करावी हे उत्तम. एकालाच विचारून थांबू नये. पहिल्या वर्षाचा निवासी थकव्याच्या भरात बोलतो, तिसऱ्या वर्षाचा सुटकेच्या आनंदात. दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरचे बोलणे बहुधा अधिक संतुलित असते. गेल्या तीन वर्षांत किती जणांनी जागा सोडली हे अवश्य विचारावे आणि सोडणाऱ्यांपैकी एकाशी तरी बोलावे. शक्य असेल तर बाह्यरुग्ण विभागाच्या दिवशी जाऊन रांग पाहावी. खाटांवर रुग्ण आहेत की नुसत्या चादरी आहेत, हे कोणत्याही अहवालाहून लवकर कळते.

पण नागरिकाने खासगी चौकशीवर राष्ट्रीय व्यवस्थेची उणीव भरून काढावी, ही अपेक्षा लोकशाहीत फार काळ टिकत नाही. संसदेच्या दोन्ही सभागृहांत डॉक्टर सदस्य आहेत आणि आरोग्यविषयक स्थायी समितीला आयोगाकडून माहिती मागविण्याचा पूर्ण अधिकार आहे. एका अतारांकित प्रश्नात चार नवे रकाने मागता येतील. विभागातील कार्यरत अध्यापक, निवासी डॉक्टरने स्वतः केलेल्या शल्यक्रियांची सरासरी, आठवड्याचे प्रत्यक्ष तास आणि अभ्यासक्रम अर्धवट सोडणाऱ्यांची संख्या. हे रकाने भरता आले नाहीत तर आयोगाने नोंदवह्यांचे काय केले, असा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहील. आणि भरता आले तर पसंतीची यादी भरायला बसलेल्या विद्यार्थ्याला प्रथमच जागेखेरीज आणखी काही दिसेल. त्यात लाभ त्याचा एकट्याचा नाही. त्याच्या हाताखाली उद्या ज्याचा मोडलेला पाय येणार आहे, त्या रुग्णाला डॉक्टर निवडण्याची मुभा बहुतेक वेळा नसतेच.